शिस्टरचा गंज

"कोन म्हनते?"

असं विचारताना त्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून समोरच्या वस्तूवर टकटक करायच्या. वस्तू नसेल, नुसता माणूस असेल, तर खुर्चीच्या हातावर. दूधवाला म्हणाला की दूध निव्वळ म्हशीचं आहे, तर चरवीवर टकटक आणि "कोन म्हनते?" कंडक्टर म्हणाला की गाडी वाशीमला दहाला पोचते, तर गाडीच्या पत्र्यावर टकटक. मी एकदा म्हणालो की माझी तब्येत बरी आहे. तेव्हा टकटक करायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्यांनी माझी नाडी धरली.

रिसोडला आमच्या गल्लीत शेवटून दुसरं घर त्यांचं. सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, त्यामुळे गल्ली त्यांना शिस्टर म्हणे. 'सिस्टर' असा शुद्ध उच्चार करणारा माणूस बाहेरगावचा, हे आम्ही लगेच ओळखायचो. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती वाचायचं काम फक्त पोस्टमनला पडे.

वॉर्डातल्या तीस वर्षांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. जे उकळलं नाही ते स्वच्छ नाही. पाणी, दूध, चमचे, बाळाचे लंगोट, पाहुण्यांनी आणलेले पेढ्याचे डबे, सगळं त्या उकळत. आश्वासनं उकळता येत नाहीत, म्हणून त्या ती घेतच नसत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या संशयाचा सगळ्यांना वैताग येतो आणि घरात कोणाला ताप भरला की पहिली आठवण त्यांचीच होते. माझ्या आईला टायफॉइड झाला तेव्हा शिस्टर रोज दोन थर्मामीटर घेऊन यायच्या. एकावर विश्वास नव्हता म्हणून दुसरं, आणि दोघांचं जमलं नाही तर हाताची पालथी बाजू. तीन आठवडे त्यांनी खाडा केला नाही. आई बरी झाल्यावर आम्ही साडी दिली, तर ती उजेडात धरून त्यांनी आधी पोत पाहिला.

गल्लीच्या तोंडाशी शुद्ध पाण्याचं केंद्र निघालं, त्या दिवशीची गोष्ट. मंडप होता, फीत होती, शाली होत्या, आणि भाषणांत पाण्यापेक्षा विकास जास्त वाहत होता. प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी ग्लासभर पाणी प्यायलं. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून शिस्टर उठल्या. त्यांनी शांतपणे विचारलं की केंद्राचं पाणी इतकं शुद्ध आहे, तर साहेबांच्या ग्लासात बाटलीतलं काहून ओतलं. मी वाचनालयात कारकून आहे, थोर माणसांची चरित्रं रोज हाताळतो. पण सत्याचे असे थेट प्रयोग त्यांत फार सापडत नाहीत.

त्यांचे यजमान एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. एक-दोन शब्द फुटायचे, तेही त्यांच्या मर्जीने. समोरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती. तिथून ते गल्ली पाहत. शिस्टरांनी त्यांना इतकं लख्ख ठेवलं होतं, की भेटायला जाणारा माणूस आधी स्वतःच्या शर्टाची कॉलर नीट करायचा.

आता गंजाकडे येतो. गंज म्हणजे आमच्याकडे उभट, खोल, मोठं पातेलं. ते स्टीलचं असलं, त्यावर कधी काहीही चढणार नसलं, तरी आम्ही त्याला गंजच म्हणतो.

भाद्रपदात ज्या गौरी येतात त्यांना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. शिस्टरांच्या सासरच्या महालक्ष्म्या केनवडला, थोरल्या जाऊबाईंकडे बसायच्या. जाऊबाई थकल्या. उन्हाळ्यात त्यांनी निरोप पाठवला की यंदापासून मुखवटे तुमच्याकडे न्या. पण पहिल्या वर्षी मी स्वतः येऊन बसेन, आणि जेवणाच्या दिवशी देवीचा प्रसाद लोकांनी पोटभर घेतला नाही, तर मुखवटे परत नेऊन वाशीमच्या धाकट्या दिराकडे देईन.

शिस्टरांचा देवावरही तसा फार विश्वास नव्हता. त्याने हात धुतलेत का, अशी शंका त्यांना असावी. पण निरोप वाचून दाखवला तेव्हा खाटेवरच्या मेकॅनिकसाहेबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. आयुष्यभर त्यांना वाटत होतं की एकदा तरी आईच्या महालक्ष्म्या आपल्या घरी याव्यात. शिस्टरांनी ते पाणी टिपलं, कापूस टाकून दिला आणि म्हणाल्या, "आनू मंग."

महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी असते, सोळा भाज्या असतात, पण मुख्य मान आंबिलीचा. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून शिजवलेली पातळ, आंबट आंबील. केनवडला ती पितळी गंजात व्हायची. शिस्टरांना ते मान्य नव्हतं. पितळेत ताक कळकतं, कल्हई असली तर चालतं, पण कल्हई धड लावली की नाही हे कोन म्हनते? म्हणून स्टीलचा, वीस लिटरचा गंज घ्यायचा ठरला. सणाला तीन महिने होते. पण सणाच्या तोंडावर दुकानदार उरलेला माल खपवतात असा त्यांचा संशय असल्यामुळे आम्ही ऐन उन्हात निघालो. आम्ही म्हणजे त्या आणि मी. मी कशाला, ते मला दुकानात कळलं.

दुकानदार रहीमभाईंनी पहिला गंज काढला. त्याच्या पोटावर 'सर्जिकल स्टील' असा चंदेरी कागद चिकटवलेला होता.

"सर्जिकल?" शिस्टरांनी टकटक केली. "कोन म्हनते? मी तीस वर्सं सर्जिकल धुतलं."

त्यांनी अंगठ्याने बूड दाबलं. ते आत जाऊन टुणकन बाहेर आलं. पातळ बुडाच्या गंजात आंबील खाली लागते आणि वर कच्ची राहते, एवढं सांगून तो बाजूला ठेवला. दुसऱ्याला काचेचं झाकण आणि सोनेरी कड्या होत्या. तो इतका पसरट होता की घरच्या शेगडीवर मध्येच शिजलं असतं, कडेला सगळं गार. रहीमभाई म्हणाले, "शिस्टर, कंपनीचा माल आहे. आंखें बंद करके घेऊन जा."

"डोळे बंद झाल्यावर मानसाले नेतात, भाई. भांड्याले नाही."

तिसरा अगदी साधा होता. उभट, जाड बुडाचा, कागद नाही, नक्षी नाही. त्याच्या कड्या रिबिटांनी ठोकलेल्या होत्या. वॉर्डात एकदा नुसता डाग देऊन चिकटवलेली कडी निघून उकळतं पाणी आयाबाईच्या पायावर सांडलं होतं, तेव्हापासून त्या कडीवर कडीच्या मालकापेक्षा जास्त लक्ष ठेवत. त्यांनी चुंबक लावून पाहिलं. फरशीवर ठेवून डुगडुगतो का पाहिलं. मग शेजारच्या नळावरून तो पाऊण भरून आणायला लावला आणि माझ्याकडे वळल्या.

"उचला बरं, भाऊ. रिकामा त कोनीही उचलते."

एका कडीला मी, दुसरीला रहीमभाई. आम्ही उचलून धरला आणि त्या खाली वाकून रिबिटांच्या कडेने पाणी पाझरतं का ते सावकाश पाहत राहिल्या. माझी पाठ आजही दमट हवेत त्या गंजाची आठवण काढते. रहीमभाई घाम पुसत म्हणाले की शिस्टर, पोरगी देताना लोक इतकं पाहत नाहीत.

"म्हनूनच मंग पोरी आमच्या दवाखान्यात येतात," शिस्टर म्हणाल्या. रहीमभाई हसले, मग हसायचे थांबले.

भांड्यावर फुकट नाव टोचून देण्याची पद्धत आहे. ती त्यांनी नाकारली. टोच्यांत मळ बसतो.

घरी आल्यावर गंज चिंचेच्या पाण्याने धुतला गेला, पाणी उकळून फेकलं गेलं, पुन्हा उकळून पुन्हा फेकलं गेलं. माझ्या बायकोला बोलावून शिकवण झाली. मीठ थंड पाण्यात टाकायचं नाही, ते बुडाशी बसून स्टीलला टोचे पाडतं. तापलेल्या गंजात गार पाणी ओतायचं नाही. तारेची घासणी नाही, राख चालेल. ज्योत बुडाच्या बाहेर येऊ द्यायची नाही. रोज सकाळी त्या त्याच गंजात दिवसभराचं प्यायचं पाणी उकळत. त्याखेरीज गंजात काही पडलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि वेळ आली तेव्हा माझ्या शपथेला काय किंमत उरली होती तेही सांगतो.

समोरच्या घरात द्वारकाबाई राहायच्या. बसस्टँडवर त्यांचा चहा-भज्यांचा गाडा होता, आवाज गाड्याच्याच मापाचा. त्यांच्याकडे आषाढात नवसाची कंदुरी असे. बकरं कापून सगळ्या गल्लीला जेवण. त्या वर्षी पाहुणे वाढले, भांडी कमी पडली, आणि द्वारकाबाई शिस्टरांच्या ओट्यावर आल्या. मी तेव्हा तिथेच मेकॅनिकसाहेबांना पेपर द्यायला गेलो होतो.

त्यांनी गंज मागितला, एका दिवसापुरता.

आमच्या गल्लीत भांड्याला नाही म्हणायची रीत नाही. देवाच्या कामाला नाही म्हटलं तर तो देवाचाच अपमान. शिस्टर 'महालक्ष्मीसाठी राखलाय' म्हणाल्या असत्या, तर त्यांचा देव मोठा आणि द्वारकाबाईंचा लहान असा अर्थ निघाला असता आणि ते भांडण दिवाळीपर्यंत पुरलं असतं. मी पाहत होतो. सरळ प्रश्नांची सवय असलेली ती बाई पहिल्यांदाच वाकडं उत्तर शोधत होती.

"त्याच्यात मी यायच्या चादरी उकळते," त्या म्हणाल्या आणि मान खोलीतल्या खाटेकडे वळवली.

द्वारकाबाईंनी एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा शिस्टरांकडे, आणि "राहू द्या मंग" म्हणून निघून गेल्या.

शिस्टर माझ्याकडे वळल्या. मटणाचा वास एकदा बसला की जात नाही, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी म्हणालो, "उकळल्यावर पण?"

आता माझा वाटा. दुसऱ्या दिवशी वाचनालयात चार माणसं बसली होती, मासिकं जुनी होती, आणि माझ्याजवळ ताजी गोष्ट होती. मी सांगितली. गोष्ट जरा फिकी वाटली म्हणून वरून सांगितलं की चादरींबरोबर त्या गंजात फिनेलही ओततात. माणसं खूप हसली. चादरी ही शिस्टरांची थाप होती हे मला ठाऊक होतं, तेवढं मात्र मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर गंमत राहिली नसती.

आठवड्याभरात गोष्ट गल्लीत परतली, आणि ती चांगली पोसून परतली होती. कोणी म्हणे रबरी चादरी, कोणी म्हणे पट्ट्या. दोन बायकांना तर शिस्टरांच्या स्वयंपाकघरात फिनेलचा वास आला होता. गंज मागायला पुन्हा कोणी आलं नाही. शिस्टर खूष असाव्यात. भाद्रपद लागेपर्यंत त्यांना काही कळलं नाही.

जेवणाची आमंत्रणं द्यायला त्या घरोघर गेल्या, आणि गल्लीला एकदम आजारपण आलं. एकीला पित्त झालं, एकीने आंबट सोडलं होतं, एकीला नेमकं त्याच दिवशी अनसिंगला भाचीकडे जायचं होतं. महालक्ष्मीच्या प्रसादाला नाही कोणीच म्हणत नाही. सगळ्यांनी हळदीकुंकवाला येऊ म्हटलं, आंबिलीचं नाव काढलं नाही. तीस वर्षं पेशंटांच्या सबबी ऐकलेल्या बाईला यातलं किती खरं ते ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या बायकोने शेवटी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या कलाकुसरीसकट.

त्या संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"चादरी मी टाकल्या," त्या म्हणाल्या. "फिनेल तुमी टाकलं."

मी काहीतरी पुटपुटलो. मग, उपाय सांगितला की निदान सांगितल्यासारखं वाटतं म्हणून, म्हणालो की आंबील दुसऱ्या भांड्यात करा, मंगल कार्यालयातून भाड्याने आणू.

त्यांनी मान हलवली. भाड्याच्या भांड्यात काय काय शिजलं असेल, हे पहिलं कारण. दुसरं सांगायला त्यांना वेळ लागला. चादरीची गोष्ट खिडकीतून मेकॅनिकसाहेबांच्या कानावर गेली होती. तेव्हापासून चादर बदलायला घेतली की ते भिंतीकडे तोंड करायचे.

"त्यायले वाटते लोकायले त्यायचा वास येते," शिस्टर म्हणाल्या. "मी गंज बदलला त खरंच होईन ना ते."

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्यासाठी किती अवघड होतं याची कल्पना तुम्हाला यावी म्हणून एवढं सगळं सांगितलं. त्या प्रत्येक घरी गेल्या आणि 'मी खोटं बोलली' असं सांगून आल्या. कारण मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर द्वारकाबाईंच्या कंदुरीचा अपमान गल्लीभर झाला असता. बायकांनी आदराने ऐकलं, पाणी विचारलं, आणि त्यांची पाठ वळल्यावर म्हणाल्या की आता जेवायला यावं म्हणून असं म्हणून राह्यल्या. मीही घरोघर गेलो. फिनेल माझं, चादरीही खोट्या, गंजात पाण्याशिवाय काही उकळलं नाही असं सांगत फिरलो. लोक हसले. माझ्याकडून त्यांना नेहमी गमतीचीच अपेक्षा असायची. ज्या बाईने जन्मभर कोणाचा शब्द घेतला नव्हता, तिच्याजवळ आता स्वतःच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि तो कोणी घेत नव्हतं.

महालक्ष्म्या बसल्या. मुखवट्यांखालचे लोखंडी स्टँड मेकॅनिकसाहेबांनी खाटेवर घेऊन, डाव्या हाताने, एकेक नट आवळून उभे केले होते. त्याला दोन दिवस लागले. पाना कोणाला धरू दिला नाही. जाऊबाई केनवडहून आल्या आणि देवीसमोर खुर्ची टाकून बसल्या. देवीपेक्षा त्यांचीच नजर जास्त जागी होती.

जेवणाच्या दिवशी शिस्टरांनी पहाटे गंज अंगणात, सगळ्यांना दिसेल असा, तीन विटांवर चढवला. आधी नुसतं पाणी उकळून ओतून दिलं. मग पुन्हा पाणी चढवलं, उकळी आल्यावर मीठ टाकलं, आणि ताकात भिजलेलं पीठ एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने लाकडी चाटू फिरवत राहिल्या. तासभर हात थांबला नाही. आंबील बुडाला तसूभरही लागली नाही. गल्ली आपापल्या दारातून पाहत होती.

दुपारी बायका आल्या. देवीला नमस्कार झाला, पंगत बसली. पुरणपोळ्या गेल्या, भाज्या गेल्या, कढी गेली, कारण ते सगळं दुसऱ्या भांड्यांत झालं होतं. आणि प्रत्येक ताटात, पानाच्या उजव्या कोपऱ्यात, आंबिलीची वाटी भरलेली तशीच होती. एकीने वाटीत बोट बुडवून ते कपाळाला लावलं. देवीला चुकवायची ती शेवटची तडजोड. मी वाढायला होतो, म्हणून सगळ्या वाट्या मला वरून एका रांगेत दिसत होत्या. जाऊबाईंनाही दिसत होत्या. आत समोरच्या खोलीत खाटेवरून मेकॅनिकसाहेबांनाही. शिस्टर पळी घेऊन गंजापाशी उभ्या होत्या. दुसऱ्यांदा वाढायला कोणी बोलावत नव्हतं.

द्वारकाबाई गाडा बंद करून उशिरा आल्या. त्यांनी पंगत पाहिली, वाट्या पाहिल्या.

"काहून? आंबील कडू झाली काय?"

एका बाईने गंजाकडे पाहिलं, तेवढं पुरे झालं. द्वारकाबाई शिस्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"एक सांगा. माह्याशी खोटं बोलल्या, का आता बोलून राह्यल्या?"

"तुमच्याशी," शिस्टर म्हणाल्या. "गंज देवीसाठी घेतला होता. त्याच्यात मटन नव्हतं करू द्याचं मले."

जाऊबाई ऐकत होत्या. मला वाटलं, आता दिवाळीपर्यंतचं भांडण सुरू होणार.

"मंग तसं सांगाचं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी काय हिसकून नेत होती?"

एवढं म्हणून त्यांनी पाट ओढला आणि बसल्या. वाटी हातात घेतली, आणि ती तोंडाला लावण्याआधी पंगतीकडे वळल्या. आवाज बसस्टँडवरचाच होता, म्हणून तो आतल्या खोलीतही गेला.

"आन् समजा उकळल्या असतीन चादरी. त कोनाच्या? भाऊजीच्या ना? तुमच्या घरच्या पान्याच्या मोटारी फुकट कोन उघडत होतं? त्या मानसाच्या चादरीले भेता?"

मग त्यांनी आंबील प्यायली. सगळी, न थांबता, वाटी उलटी करून ताटात ठेवली.

सिनेमात असतं तर पुढे सगळ्यांनी एकदम वाट्या उचलल्या असत्या. तसं झालं नाही. आधी माझ्या बायकोने उचलली. मग कडेच्या म्हातारीने. मग एकेक. पित्तवालीने दोन घोट घेतले आणि तिसरा विचार करून घेतला. एक वाटी शेवटपर्यंत भरलेलीच राहिली, ती कोणाची ते मी इथे लिहीत नाही. जाऊबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाल्या की ताक जरा जास्त झालं, पण पुढच्या वर्षी जमेल. मुखवटे राहिले, हे त्यातच सगळ्यांना कळलं.

शिस्टर पळी घेऊन द्वारकाबाईंपाशी आल्या. आभार मानण्याची त्यांना सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपल्या बाजूनेही त्या अजून निर्धास्त नव्हत्या.

"मीठ बरोबर हाय?"

"कमी हाय. वाढा अजून."

आतून ठणठण आवाज आला. मेकॅनिकसाहेब डाव्या हाताने रिकामी वाटी खाटेच्या दांडीवर आपटत होते. शिस्टर आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पुढची पंगत मीच वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोकांनी दात घासले नसतील इतक्या सकाळी, त्या ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन निघाल्या. जेवून गेलेल्या प्रत्येक घरी. रात्री उलटी झाली काय, पोट दुखलं काय, किती वेळा जावं लागलं. आम्हाला तर जीभ दाखवायला लावली. द्वारकाबाईंच्या दारात मी पाहत होतो. त्या म्हणाल्या, मी बरी हावो. शिस्टरांनी दाराच्या चौकटीवर टकटक केली.

"कोन म्हनते?"

"मी म्हनते ना."

शिस्टरांनी यंत्र पिशवीत टाकलं आणि नाडी न पाहता पुढच्या घरी गेल्या.

गंज त्यांनी कंदुरीला पुढेही दिला नाही, आणि द्वारकाबाईंनी मागितला नाही. एकमेकींवर नेमका किती आणि कशाबाबत भरवसा ठेवायचा ते दोघींना कळलं होतं, आणि त्यापुढे त्यांना मैत्रीसारखं मोठं नाव नको असावं. चादर बदलताना मेकॅनिकसाहेब पुन्हा खिडकीकडे तोंड करू लागले. दोन महालक्ष्म्या त्यांनी तशा पाहिल्या. तिसरीच्या आधी, हिवाळ्यात, ते गेले. मुलगी नाशिकहून आली आणि उन्हाळ्यात शिस्टरांना घेऊन गेली. मुखवटेही गेले. जीपमध्ये बसताना त्यांनी ड्रायव्हरला गाडीचे ब्रेक दाबून दाखवायला लावले.

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. भली माणसं आहेत. कोणी काही सांगितलं की लगेच 'हो का' म्हणतात.

परवा गल्लीत एका मुलाचं बारसं झालं. आचारी बाहेरचा होता, मठ्ठा जरा संशयास्पद वाटला, पण सगळे प्याले, मीही प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून दारात जाऊन उभा राहिलो. समोर द्वारकाबाईही त्यांच्या दारात उभ्या होत्या, गाड्यावर जायची वेळ टळून गेली तरी. पोट ठीक होतं. दोघांचंही असावं. विचारायला कोणी आलं नाही, आणि आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो.